धावपट्टीवरची खुर्ची

१२ मे १९९६, रविवार

बस चिखलात न रुतता इथवर आली, ही आजची पहिली चांगली गोष्ट. दुसरी अजून घडायची आहे.

जन्मभर राजधानीत, तालिन शहरात, बस चालवली, लोकांना आपापल्या घरी सोडलं. निवृत्त होताना आगारातली भंगारात निघालेली पिवळी बस पदरात पाडून घेतली. मधल्या सीट काढून दोन पलंग, एक शेगडी आणि टेबल बसवलं. फ्लॅट विकून टाकला. तिथं आता होतंच कोण? बायको, माइरे, वारल्यापासून दाराची घंटा फक्त विजेचा मीटर बघणारा वाजवायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी शहरात मजेत होतो. हे सगळं चाललंय ते हिल्यासाठी.

हिल्या माझी मोठी बहीण, बहात्तर वर्षांची, राक्व्हेरे शहरात एका भाड्याच्या खोलीत राहते; आज तिला तिथूनच बसमध्ये घेतलं. १९४० च्या उन्हाळ्यात रशियन सैन्याला इथं विमानतळ हवा होता, म्हणून गावातल्या शेतकऱ्यांना चार दिवसांत घरं सोडायला लावली. त्यात आमचं 'पिहला' गेलं. आमच्याकडे शेतघराला नाव असतं आणि माणसाची ओळखही त्याच नावानं होते. हिल्या तेव्हा सोळा वर्षांची, मी तीन. मला काहीच आठवत नाही. पुढं जर्मन आले, मग पुन्हा रशियन. तीन वर्षांपूर्वी तेही विमानं घेऊन गेले. मागे ठेवली ही अवाढव्य काँक्रीटची धावपट्टी, विमानं लपवायचे मातीचे घुमट, आणि विहिरींच्या पाण्याला रॉकेलचा वास. आता सरकार जमिनी मूळ वारसांना परत देतंय. हिल्यानं आपल्या अंगणात शेवटची वर्षं काढावी, एवढीच माझी इच्छा आहे.

गावकचेरीत जमिनीचं काम उर्वेबाई पाहतात. पन्नाशीच्या, रबरी बूट, तोंडात सतत पेपरमिंट. त्यांनी सांगितलं, "पट्टी सरकारची. तिला कुणी हात लावायचा नाही. पट्टीच्या कडेचा गवताळ भाग तुमच्या जुन्या हद्दीत येतो. घर त्या भागात होतं असं दोघा वारसांनी लिहून दिलंत, तर तो तुमचा, वर नवीन घर बांधायची परवानगी. घर पट्टीखाली गेलं असेल तर इथलं विसरा. मग वानामॉइसा गावाकडे बदली जमीन घ्या. जमीन सोन्यासारखी आहे, बर्चचं रान आहे. सप्टेंबरच्या आत ठरवा."

"नकाशा नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. चाळीस सालातला, त्यावर उंदरांनी जेवण केलंय. नक्की जागा हवी तर मोजणीवाला पुढच्या वर्षी येईल."

नकाशा हवाय कुणाला? हातच्या कंकणाला आरसा कशाला. या देशातलं शेंबडं पोरही जाणतं की ओसाड रानात कुठं सुगंधी तुऱ्यांच्या लायलॅकचं झुडूप दिसलं, तर तिथं कधीकाळी घर होतं. घर जळतं, पडतं, माणसं देशोधडीला लागतात, दारातलं लायलॅक मात्र तसंच उभं राहतं. आणि पट्टीच्या कडेला, गवताळ भागाच्या बरोबर मधोमध, चांगलं दोन पुरुष उंचीचं लायलॅक आहे. मी बस थेट तिथं नेऊन उभी केली.

"हेच ना?" मी हिल्याला विचारलं.

तिनं झाडाकडे पाहिलं. मग पट्टीच्या पश्चिम टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बसकडे. म्हातारपणी माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो.

"हेच," ती म्हणाली. "बूट बाहेर काढ, बसमध्ये चिखल आणू नकोस."

१३ मे

लायलॅकखाली एक शेड आहे. कुणीतरी विमानाचे पत्रे आणि गोळ्यांच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेली. शेजारी बटाट्याचे वाफे, शेपू, कांदे. सकाळी वाफ्यात एक बाई वाकलेली दिसली. झिनाइदा पावलोव्हना. साठीची असेल. पलीकडे सैनिकांसाठी बांधलेली पाच मजली पांढरी इमारत आहे, तीत राहते. नवरा विमानांचा मेकॅनिक होता, तो वारला. पलटण गेली, ही राहिली. त्या इमारतीत आता चारच खिडक्यांना पडदे आहेत.

ती रशियनमध्ये बोलते, मीही रशियनमध्ये उत्तर देतो. बसमध्ये आयुष्यभर तेच केलं. तिनं आधी माझ्या वडिलांचं नाव विचारून घेतलं आणि तेव्हापासून, रशियन रीतीनं वडिलांचं नाव जोडून, मी 'गेल्दूर यानोविच' झालो. माझं हेल्डुर हे नाव त्यांच्या जिभेला जमत नाही.

मी स्पष्ट सांगितलं, ही आमची जमीन आहे, लवकरच कागदावरही होईल, पीक काढून झालं की शेड हलवा.

"कुठं हलवू?" तिनं विचारलं.

"ते मी कसं सांगणार? आम्हाला हलवलं तेव्हा आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं."

"मी नव्हतं हलवलं, गेल्दूर यानोविच. मी तेव्हा पाच वर्षांची होते, तिकडं व्होल्गेकाठी."

उत्तर बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, हे लायलॅकच सांगतंय इथं आमचं घर होतं. त्यावर ती हसली. म्हणे, "लायलॅक? ते मी लावलंय. मी लग्न होऊन आले तेव्हा पट्टी लांबवायचं काम चाललं होतं. त्या पश्चिमेच्या टोकाला, गवतात, मोठं झुडूप होतं. बुलडोझर यायच्या आदल्या दिवशी मी त्याचा फुटवा काढून आणला."

काय पण थाप. बटाटे वाचवायला माणूस काय वाट्टेल ते बोलतो. हिल्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "असं म्हणाली का ती?"

१९ मे

पायाचे दगड शोधायला खणायला सुरुवात केली. आजवर मिळालेल्या वस्तू: बुटाची टाच, गॅसच्या मुखवट्याची काच, दांड्यावर रशियन सैन्याचा पाचकोनी तारा कोरलेला ॲल्युमिनियमचा चमचा. साहजिक आहे. घर पाडल्यावर सैनिकांनी तिथं कचरा टाकला असणार. पाया आणखी खाली असेल.

हिल्या खुर्ची घेऊन बसते, पण इथं लायलॅकच्या सावलीत नाही. बसमधली लाकडी खुर्ची उचलते आणि चालत जाते पट्टीच्या पश्चिम टोकाला, भर वाऱ्यात. हाकेच्या अंतरावर आहे म्हणा. पण सरळ जाईल तर शपथ. आधी पट्टीच्या कडेकडेनं पुढं जाते, मग वळते, मग मागे येऊन बसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी दोनदा खुर्ची नेऊन सरळ ठेवून आलो, तिनं दोन्ही वेळा उचलून हातभर डावीकडे घेतली.

"तिथं काय आहे?" मी विचारलं.

"ऊन आहे."

ऊन सगळ्या पट्टीवर सारखंच होतं.

२ जून

लायलॅक फुललं. बसमध्ये, शेडमध्ये, चहात, सगळीकडे तोच वास. हिल्यानं एक तुरा खाली ओढून नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

"आईचंच," ती म्हणाली.

आणखी काय पुरावा हवा? मी लगेच झिनाइदाकडे पाहिलं. तिनं फक्त मान हलवली. खोटं पकडलं गेल्यावर माणूस गप्प बसतो.

मग दोघी पाच पाकळ्यांचं फूल शोधायला लागल्या. लायलॅकला चार पाकळ्या असतात. पाचाचं सापडलं तर मनातली इच्छा धरून खाऊन टाकायचं. आमच्याकडे तसं आणि त्यांच्याकडेही तसंच, हे मला माहीत नव्हतं. हिल्याला सापडलं. तिनं ते अर्धं तोडून झिनाइदाला दिलं. इच्छा अर्धी करून देता येते का, देव जाणे. झिनाइदानं ते चावलं आणि तोंड वाकडं केलं, दोघी हसल्या. मी खड्ड्यात उभा होतो. मला कुणी विचारलं नाही.

९ जून

हिल्या आता झाडू घेऊन जाते. सरकारची धावपट्टी झाडते! सगळी नाही, खुर्चीभोवतीची. मैलभर लांब काँक्रीटमधली एक खोलीभर जागा. वारा पुन्हा माती आणतो, ती पुन्हा झाडते. आणि बसताना बूट काढून बाजूला नीट जोडून ठेवते, नुसत्या मोज्यांवर बसते. विचारलं तर म्हणाली, लादी उन्हानं तापते, पायांना बरं वाटतं. तिला संधिवात आहे, तेव्हा त्यात अर्थ आहे. पण ढगाळ दिवशीही तेच.

म्हातारी माणसं एकेक खूळ धरतात. मी तिच्यासाठी घर बांधायला निघालोय आणि ती बसते काँक्रीटवर. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय.

खड्ड्यात आज एक मोठा दगड लागला. हिल्याला हाक मारून आणलं. "पायाचाच ना?"

"असेल."

"इथं काय होतं, आठवतंय? स्वयंपाकघर?"

तिनं खड्ड्यात पाहिलं. "हो, स्वयंपाकघर," ती म्हणाली. "तू जेवलास का?"

मला फार आनंद झाला. संध्याकाळी मी एकटाच त्या खड्ड्याच्या काठावर काळा पाव आणि खारवलेले मासे खात बसलो. आईच्या स्वयंपाकघरात जेवतोय असं स्वतःला सांगून पाहिलं. फारसं काही वाटलं नाही. घर उभं राहिलं की वाटेल.

२३ जून

मध्य उन्हाळ्याच्या सणाची शेकोटी. सगळं गाव पट्टीवर लोटलं. इथं गाड्या उभ्या करायला जागा आहे आणि आग पसरत नाही. रशियन गेल्यापासून पट्टीचे असेच उपयोग चालू आहेत: शनिवारी पोरं मोटारी पळवतात, रविवारी त्यांच्या आया मोटार शिकतात, आणि मातीच्या घुमटांत कुणी गवत ठेवलंय, कुणी मेंढ्या.

तरुण मंडळींनी लाकडं नेमकी पश्चिम टोकाला रचली. हिल्या एरवी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही. आज काठी आपटत गेली.

"इथं नको. तिकडं न्या."

"आजी, काँक्रीट आहे हो, जळत नाही," एक जण म्हणाला.

"मला शिकवू नकोस. इथं पेटवायचं नाही म्हणजे नाही."

"का पण?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि नजर वळवली. तेवढ्यात झिनाइदा आली आणि एक ओंडका उचलून पुढं चालायला लागली. साठीची बाई ओंडका ओढतेय म्हटल्यावर पोरांना लाज वाटली. सगळा ढीग हलवला.

मला मात्र लोकांसमोर अवघडल्यासारखं झालं. बसमध्ये परत आल्यावर हिल्याला म्हणालो, "तुझी जागा कुणी पळवून नेत नव्हतं."

ती म्हणाली, "माहीत आहे."

मी तिला चहा करून दिला.

१४ जुलै

आता दोघी बसतात. झिनाइदा आपला स्टूल घेऊन जाते. तीही त्याच वळशानं जाते आणि तीही बूट काढते! दोन म्हाताऱ्या, ओसाड विमानतळ, चार मोजे. हिल्याला रशियन तोडकंमोडकं येतं, झिनाइदाला आमची भाषा त्याहून कमी. काय बोलतात कोण जाणे. मी जवळ गेलो की थांबतात. नवे बटाटे, त्यावर शेपू आणि लोणी, सोबत आंबट ताक. ते सगळं तिथं नेऊन खातात. माझ्या वाटणीचं ताट झाकून बसमध्ये ठेवलेलं असतं.

मी एकदा पायरीवरच्या पाहुण्यासारखा जाऊन उभा राहिलो. बूट घालूनच. दोघींनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बसा असं कुणी म्हणालं नाही, मग मी परत आलो.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मी हे कुणासाठी करतोय?

बटाटे चांगले होते.

४ ऑगस्ट

उर्वेबाई सायकलवरून आल्या. महिनाअखेरीला जागा बघायला येतील, तेव्हाच दोघांच्या सह्या घेतील. जागा रिकामी हवी, म्हणजे शेड नको. "दुसऱ्याचं बांधकाम असलं की तो हक्क सांगू शकतो," त्या म्हणाल्या. "बघा बुवा. आपसात मिटवलंत तर मला काही म्हणायचं नाही. नाहीतर मोकळं करा."

आपसात काय मिटवायचं? मी झिनाइदाला तेवीस तारखेपर्यंत मुदत दिली. चार दिवसांपेक्षा खूप जास्त आहे. हे मी मुद्दाम बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "हो, गेल्दूर यानोविच, खूप जास्त आहे."

हिल्या ऐकत होती. तिनं त्या दिवशी जेवण केलं नाही.

१७ ऑगस्ट

झिनाइदा हिवाळ्यासाठी उशिरा लावलेले बटाटे काढतेय. अजून तयार नाहीत, सुपारीएवढे आहेत. कुदळ मारते, झटकते, बादलीत टाकते. मी म्हणालो, बटाटे राहू द्या सप्टेंबरपर्यंत, मी फक्त शेडचं म्हणतोय. ती म्हणाली, शेड नसली तर पाणी कुठं ठेवू, अवजारं कुठं ठेवू, आणि पाचव्या मजल्यावरून रोज काय काय आणू. मग मीही कुदळ घेतली आणि एक ओळ काढून दिली. यात विरोधाभास आहे, कळतंय मला.

हिल्या बसच्या पायरीवर बसून बघत होती. आज खुर्ची घेऊन गेली नाही.

रात्री म्हणाली, "वानामॉइसाची जमीन घेतलीस तर?"

मी चकित झालो. "तुझं अंगण सोडून? लायलॅक सोडून?"

"तुला आवडलंय इथं?"

"माझा प्रश्नच नाही."

"तरी."

मी विचार करून सांगितलं की सकाळी बसचं दार उघडलं की गवताचा वास येतो, चंडोल ओरडतात, आणि कुठं जायचंय असं वाटत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तिनं दिवा मालवला.

२४ ऑगस्ट

हे नीट लिहायला हवं.

सकाळी शेडच्या खांबाला तारेचा दोर बांधला, दुसरं टोक बसच्या मागच्या कडीला. झिनाइदानं आपली अवजारं बाहेर काढून गवतावर ओळीनं मांडली होती आणि बाजूला उभी होती. रडत नव्हती. मी बस सुरू केली.

हिल्या बसच्या समोर येऊन उभी राहिली.

"बंद कर."

"बाजूला हो, हिल्या."

"बंद कर म्हणते ना. आयुष्यभर थांब्यावर थांबलास, आता माणूस समोर आहे तर थांबता येत नाही?"

मी बस बंद केली. खाली उतरलो. तिनं माझ्या हाताला धरलं, लहान पोराला धरतात तसं, मनगटाशी. "खुर्ची घे," म्हणाली. "दोन घे. चल."

पट्टीच्या कडेकडेनं गेलो. जिथं ती वळते, तिथं वळायच्या आधी थांबली. वाकायला तिला त्रास होतो, तरी वाकली आणि बूट काढले.

"तुझेही काढ."

"कशाला?"

"आई काय म्हणेल?"

मला आधी वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोकं अगदी ठिकाणावर होतं. मी लेस सोडायला लागलो आणि गाठ सुटेना. कितीतरी वेळ सुटेना. ती उभी राहून वाट बघत होती.

"हे दार," ती म्हणाली. "पूर्वेकडून नाही येता येत, तिकडं भिंत आहे. ही पडवी. इथं बादल्या. हे स्वयंपाकघर. बस."

मी बसलो.

"समोर चूल. तुझ्या मागे खिडकी, तिथून रस्ता दिसायचा. त्या सकाळी आईनं फरशी पुसली होती. घर पाडणार हे माहीत होतं, गाडी भरून उभी होती, तरी पुसली. आणि बाबांना ओरडली, बूट घालून आत येऊ नका म्हणून. ते बाहेरच उभे राहिले."

वारा होता. काँक्रीट गार होतं.

"म्हणजे लायलॅक..."

"झिनाइदानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला. दाराच्या उजव्या हाताला होतं. तिथून नेलं तिनं."

"मग तू मला का नाही सांगितलंस? सगळा उन्हाळा मी खड्डे खणतोय. 'हो, स्वयंपाकघर' म्हणालीस तू!"

"सांगून काय केलं असतंस? घर पट्टीखाली म्हणजे इथलं काही मिळत नाही. तू फ्लॅट विकून, बसमध्ये पलंग ठोकून आला होतास. चेहरा बघितला होतास का स्वतःचा त्या दिवशी? साठीचा माणूस, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं उभी राहतात तसा उभा होता. मला घर आठवतं रे. डोळे मिटले की आत जाता येतं. मला ते पुरतं. तुला जायला कुठं जागा होती?"

"मी हे तुझ्यासाठी करत होतो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. म्हणून तर गप्प बसले. पण तिची शेड पाडून नको. तेवढं नको. चार दिवसांचं बोलून दाखवलंस ना तिला, त्या दिवशी मला वाटलं, बाबा तरी बाहेर थांबले होते, तू मात्र आत आलास, बूट घालून."

मी रडलो, हे लिहून ठेवतो. बराच वेळ. हिल्यानं एकदा मोज्यातल्या पायानं माझ्या पायाला ढोसलं एवढंच.

परत येऊन दोर सोडला. झिनाइदाची अवजारं शेडमध्ये ठेवायला लागलो, तर तिनं माझ्या हातातून कुदळ काढून घेतली. "डावीकडे टांगायची असते," ती म्हणाली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

उर्वेबाई आल्या. शेड जागच्या जागी.

"हे काय?"

"आपसात मिटवलं," मी म्हणालो. "शेड राहील. वाफेही राहतील. झिनाइदा पावलोव्हना हक्क सांगणार नाहीत. तसं आम्हीही त्यांच्या शेडवर सांगणार नाही."

झिनाइदानं सही केली. उर्वेबाईंनी तोंडातली पेपरमिंट या गालातून त्या गालात नेली. मग आमच्यापुढं कागद ठेवला. "आता नीट विचार करून सांगा. घर या गवताळ भागातच होतं? नक्की?"

हिल्या माझ्याकडे पाहत होती. वानामॉइसाची जमीन सोन्यासारखी आहे, तिथं बर्चचं रान आहे. तिथं आम्ही कुणीच नव्हतो.

"नक्की," मी म्हणालो. "लायलॅक दिसत नाही का, बाई?"

"दिसतंय ना," त्या म्हणाल्या. "लायलॅक आहे म्हणजे घर होतंच." आणि आमच्या दोघांच्या सह्या घेऊन शिक्का मारला.

जाताना सायकल हातात धरून त्या पट्टीच्या पश्चिम टोकाकडून सरळ निघाल्या, रबरी बुटांनी, भिंतीतून आत. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, तिथून नको!"

त्या थांबल्या. "का? काय आहे इथं?"

झिनाइदा तिच्या मोडक्या आमच्या भाषेत म्हणाली, "ओलं आहे. आता पुसलं."

उर्वेबाईंनी खाली पाहिलं. काँक्रीट खडखडीत कोरडं होतं. सकाळी आम्ही तिघं तिथंच बसलो होतो आणि उर्वेबाई दिसल्यावर मोज्यांवरच उठून आलो होतो; आमचे तीन जोड बूट अजून दाराशी गवतावर होते, तेही त्यांनी पाहिले. पेपरमिंट चघळणं थांबलं. मग सायकल उचलून वळसा घालून गेल्या.

६ ऑक्टोबर

पहिलं गोठलेलं दहिवर. हिल्याला काल राक्व्हेरेला सोडून आलो. थंडीत बसमध्ये तिचे सांधे धरतात. वसंतात घराचा पाया घालायचा, लायलॅकजवळ, आणि एक खोली तिची. झिनाइदानं तिला मागे राहिलेल्या ओळींतले बादलीभर बटाटे दिले, मोठे निवडून. खणलेले खड्डे मी बुजवले. चमचा ठेवून घेतला, झिनाइदाच्या नवऱ्याचा असू शकतो. तिनं पाहिला आणि म्हणाली, असे हजार होते. तरी तिनं तो खिशात घातला.

जाताना हिल्याला शेवटचं विचारलं होतं, "मी कुठं झोपायचो?"

"चुलीच्या डाव्या हाताला, बाबांनी केलेल्या खाटेवर. भिंतीकडे तोंड करून. ऊब लागायची म्हणून तू तिथून उठायचाच नाहीस, उचलून न्यावं लागायचं. त्या दिवशीही उचलूनच नेलं."

आज दुपारी एकटाच गेलो. दारापाशी बूट काढले, जोडून ठेवले. दहिवर वितळून लादी ओली झाली होती, मोजे लगेच भिजले. खुर्ची नेली नव्हती. चुलीच्या डाव्या हाताला जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

तिथं पाय जरा कमी गार पडतात. तसं असायचं काही कारण नाही. काँक्रीट सगळीकडे सारखंच आहे.